आमचा मोठा शुक्रवार

लोवेल, अमेरिका
मे १९१०

आई,

तुझ्या हाताचा मुका घेऊन लिहिते. मी खुशाल आहे. खोकला आता फक्त सकाळीच येतो.

यंदा प्रभूच्या मरणाचा आपला मोठा शुक्रवार, आपल्या ग्रीक चर्चचं पंचांग वेगळं म्हणून, इथल्या लोकांच्या नंतर महिन्याभराने आला. गिरणीत सुट्टी मागितली, तर मुकादम म्हणाला, "तुमचा येशू मरतो तरी किती वेळा? गेल्या महिन्यात आमच्याबरोबर मेला ना!"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या शुक्रवारी आम्ही राबलो. आमच्या शुक्रवारी तुम्ही राबा."

"गेलीस तर परत येऊ नकोस!"

मी माग बंद केला. शेजारच्या गारुफालियानंही केला. बघता बघता आपल्या सगळ्या ग्रीक बायकांचे माग थांबले. त्या संध्याकाळी प्रभूची फुलांची पालखी आम्ही मुद्दाम गिरणीच्या फाटकावरून नेली, आणि तिथे जरा जास्तच मोठ्यानं गायलो.

सोमवारी सगळ्यांना परत घेतलं, मला सोडून.

काळजी करू नकोस. बाबांचे गुडघे कसे आहेत? त्यांना यातलं काही सांगू नकोस. सांगितलंसच, तर मी रडले नाही हेही सांग.

आता दुसऱ्या गिरणीत लागले आहे. पहिल्याच दिवशी तिथल्या मुकादमाला पुढच्या वर्षीच्या आपल्या शुक्रवारची तारीख सांगून ठेवली.

तुझी हट्टी
पोलिक्सेनी