कुलपाभोवतीचे ओरखडे

ठमे,

बाबांची गाडी विकत घेतलेला माणूस ती न्यायला पाचला येईल. मी मावशीकडे चाललेय. गाडी जाताना मला बघवणार नाही.

बॉनेट मी पॉलिश करून ठेवलंय. मागच्या दारावरच्या ओरखड्यात नख अडकतं, म्हणजे तो खोल आहे. तिथे आधी ओरखडे घासायचं जाड कंपाउंड, मग बारीक पॉलिश. नुसतं कंपाउंड लावून सोडलंस तर उन्हात रंग धुरकट दिसतो. आणि जोर लावू नकोस, रंग आहे तो, करपलेलं पातेलं नाही.

राहिलं ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप. त्याच्याभोवती बाबांच्या किल्लीचे ओरखडे आहेत. रोज संध्याकाळी ती खरखर ऐकली की मी गॅलरीतून ओरडायचे, "अहो, कुलूप लावताय की नक्षी काढताय?" ते म्हणायचे, "सही करतोय. गाडी माझी आहे." हात थरथरतो हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी थट्टेपुढे कधी विचारलं नाही. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा फार उशीर झाला होता.

आज तिथे नख फिरवून पाहिलं. कुठेच अडकत नाही गं. इतकी वर्षं बोलले त्यांना, आणि नुसत्या पॉलिशने दोन मिनिटांत जातील एवढेच ते ओरखडे. तासभर फडकं हातात धरून बसले, पण माझ्याच्याने झालं नाही. तेवढं तू कर.

आणि रंग उतरलेलं ते फडकं मी यायच्या आत धुऊन टाक.

आई