तेजस्वीचे शून्य आणि रापणीचा वाटा

स्वस्तिश्री शालककुलशिरोमणी, भगिनीवत्सल, चिपळूणनगरभूषण, मधुमेहदमनोद्युक्त तथापि आम्ररसपरायण, राजमान्य राजश्री अनिलराव यांस रत्नागिरीहून मेहुण्याचे सप्रेम नमस्कार.

आपला डावा गुडघा कसा आहे? (उजवा ठीक असल्याचे आपल्या भगिनी दमयंतीकडून कळले.) येथे सर्व क्षेम असून केवळ गणिताची प्रकृती चिंताजनक आहे.

झाले असे. हस्ताक्षर सुवाच्य असल्याच्या अपराधास्तव महाविद्यालयाने मला, एका निरुपद्रवी ग्रंथपालास, मुलींच्या बास्केटबॉल सामन्याचा गुणलेखक नेमले. आपली भाची तेजस्वी त्याच संघात. जिल्हा संघाची निवड या गुणपत्रकावरून व्हावयाची, आणि त्यात प्रत्येक बास्केटपुढे एकच नाव मावते. शमिका नामक कन्या चेंडू आत टाकते. दोन गुण तिचे. तिला चेंडू देणारी राही अनामिक. आणि प्रतिस्पर्धी संघाच्या धिप्पाड कन्येच्या मार्गात जांभ्या दगडाच्या गडग्यासारखी निश्चल उभी राहून शमिकेस वाट मोकळी करून देणारी आपली भाची? शून्य. (त्या धडकेची निळी खूण तिच्या खांद्यावर आहे, पत्रकात खांद्याचा रकाना नाही.)

मी लेखणी उचलून विचारमग्न असता शेजारच्या खुर्चीवरून शमिकेचे आजोबा महिपततात्या वदले. हे पूर्णगडचे; रापण, म्हणजे साऱ्या गावाने दोरीने किनाऱ्यावर ओढावयाचे मोठे जाळे, त्यात आलेल्या मासळीचे वाटे चाळीस वर्षे त्यांनीच घातले. "मास्तर, मासळी शेवटी ज्याच्या हातात येते ती काय त्याच्या एकट्याची? दोरीला ज्यानं हात लावलान, त्याला वाटा!"

हा सिद्धान्त मला अद्वैताइतका पटला आणि तितकाच समजला. तदनुसार दोन गुणांपैकी अर्धा शमिकेस, अर्धा राहीस, अर्धा तेजस्वीस दिला. उरलेला अर्धा, बाकावरून "सोड गो, सोड!" असे ओरडणाऱ्या राखीव मालनने मागितला (तात्यांच्या मते ओरडणाऱ्यासही मिळतो). पुढील खेपेस प्रतिस्पर्धी कन्या स्वतःच घसरून पडली आणि आमची बास्केट झाली. तिचे योगदान निर्विवाद; पण तिचा वाटा कोणत्या संघात धरावा? पंचांना विचारले, तर म्हणाले, "काका, तुम्ही फक्त आकडा लिहा हो!" कोणता, ते त्यांनी सांगितले नाही.

अखेरीस फलकावर आमचे गुण एकतीस, माझ्या पत्रकात साडेचौतीस. वरचे साडेतीन कोणाचे, हे मला ठाऊक नाही. तेजस्वीचे नव्हेत, कारण तिचे सव्वासात मी तीनदा तपासले. आयोजकांनी पत्रक परत करून "नीट प्रत" मागितली आहे. नीट प्रतीत ती पुन्हा शून्य.

आपला (किती अंशांनी, हे ठरावयाचे आहे),
रघुनाथ

ता. क. १ : आपण जिल्हा निवडसमितीवर आहात, हे पाकीट डकवताना मला सहज स्मरले. शून्याकडे मातुलदृष्टीने पाहावे.

ता. क. २ : तेजस्वीने पाकीट उघडून वाचले. "बाबा, मामाला असलं काही लिहू नका हां, मला लाज वाटत्ये. त्याला म्हणावं, रविवारी ये आणि बघ. मी काय करत्ये ते दिसतं." सबब ता. क. १ रद्द. रविवारी चार वाजता पुढच्या सामन्यास यावे व स्वचक्षूंनी पाहावे.

ता. क. ३ : स्वचक्षूंविषयी एक खुलासा. मैदानाच्या पूर्वेकडील बास्केटच्या लोखंडी कड्याला दोन वर्षे जाळे नाही. चेंडू कड्यातून गेला की बाजूने, हे खालून कोणासच दिसत नाही. आम्ही मुलींच्या चेहऱ्यांवरून ठरवतो. तीन अर्ज दिले. क्रीडाविभाग म्हणतो, जाळे भांडारात आहे. भांडारपाल म्हणतात, किल्ली क्रीडाविभागात आहे.