कानाशी कट्टी

४ जून
देविकाच्या डाव्या कानाशी गाठ आहे म्हणे. कवटीच्या आत, ऐकण्याच्या नसेवर. साधी आहे, कॅन्सरची नाही, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. मी सहादा विचारलं. मुलांमध्ये अशी गाठ अगदी क्वचित होते. आमच्या कन्येला सगळंच जगावेगळं लागतं.

आणि मी वर्षभर ओरडत होते — हाक मारली की बहिरेपणाचं सोंग आणतेस! सोंग नव्हतं. फार वाईट वाटतंय.

५ जून
हॉस्पिटलातल्या तुळसी सिस्टरने आज देविकाचा गाल ओढला. "चिन्न कट्टीदान्, पाप्पा!"

देविकाचे डोळे एवढे मोठे. "आई, माझ्या कानाने माझ्याशी कट्टी घेतलीय?"

नाशिकहून येऊन जेमतेम वर्ष झालंय, मलाही तेच ऐकू आलं. देविकाचा बाबा दिनकर आमच्याआधी दोन वर्षं इथे, अंबत्तूरच्या कारखान्यात तमिळ शिकलेला. म्हणाला, "अगं, तमिळमध्ये गाठीला कट्टी म्हणतात. छोटीशीच आहे, बाळा, एवढंच म्हणाली ती."

देविकाला मात्र स्वतःचाच अर्थ पसंत. संध्याकाळभर एकच प्रश्न, "पण मी कानाला काय केलं?"

८ जून
आरशासमोर उभी राहून दोन बोटं पुढे करते, कानाकडे बट्टी मागते. आज त्याला इडलीही दाखवून झाली.

११ जून
गाठ निघेल. डावा कान वाचेलच असं नाही. पेरुंगुडीला माझ्या ऑफिसात जाऊन रजेचा अर्ज दिला, साहेबांसमोर रडले.

१७ जून
उद्या ऑपरेशन. कानामागचे केस भादरले. मी 'हो' म्हटलं म्हणून बाईसाहेबांनी माझ्याशीच कट्टी घेतली, करंगळी दाखवून, रीतसर. बाबांशी नाही हं!

२० जून
सगळी गाठ निघाली! शेजारची चेहऱ्याची नसही वाचली; चेहरा सरळ, हसू शाबूत. सिस्टरकडे बघून हसली, माझ्याकडे बघून नाही.

उजव्या कुशीवर झोपते, उजवा कान उशीत. मी डावीकडून हाक मारते. उत्तर नाही. कान गेला, की कट्टी चालू आहे? कानाची तपासणी पंधरा दिवसांनी. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. कुठून आणू?

२१ जून
तीच कूस. उशीत हात सरकवून तिचा उजवा कान तळव्याने घट्ट झाकला आणि डाव्याशी अगदी हळू म्हटलं, "बट्टी?"

पांघरुणातून दोन बोटं बाहेर आली.