मुलुंडचं घर विकताना

१७ नोव्हेंबर १९८६

घर विकायचं. ठरलं!

मी बोलते, कमल लिहिते. कमल माझी थोरली सून. माझा राजाराम अकरा वर्षांपूर्वी गेला, त्याच वर्षाअखेरी हेही गेले. तेव्हापासून आम्ही दोघी आणि कमलची लता. मला अक्षर येत नाही आणि हिला मन मोकळं करता येत नाही, म्हणून ही वही.

चंद्रप्रकाश शेठ आज तिसऱ्यांदा आला. आमची कौलं काढून इथे चार मजले चढवणार म्हणे. दर वेळी वाकून नमस्कार करतो — हात गुडघ्यापर्यंतच पोचतो, पोट आडवं येतं.

त्या पैशांतून इथेच मुलुंडला एक ब्लॉक घ्यायचा. कमलच्या नावावर. माझ्यानंतर तिनं कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

बाईंचं पेन थांबलं! लिही गो, नाक मग पूस.

१९ नोव्हेंबर

अंबादास बोरिवलीहून आला. माझा धाकटा. "आई, ब्लॉक माझ्या नावावर घे ना. वहिनीला मी काय रस्त्यावर काढणार आहे?"

तू नाही काढणार रे बाबा. पण उद्या तुझ्या मुलांना बायका येतील, त्या कुठे माझ्या ओळखीच्या!

फुगून बसला. दोन वाट्या सोलकढी पोटात गेली तेव्हा कुठे उतरला.

२२ नोव्हेंबर

घाटकोपरला शिवदास वकिलाकडे गेलो. करांची कामं बघतो. यांच्या गिरणीतल्या दोस्ताचा मुलगा. लहानपणी आमच्याच अंगणात नागडा पळायचा, आता काळा कोट घालून मला शहाणपण शिकवतो. शिकवू दे.

म्हणाला, "काकी, घर विकून नफा झाला की त्यावर कर बसतो."

नफा कसला रे? राहायला घेतलेलं घर!

"काकांनी स्वस्तात घेतलं, आज महाग जातंय. मधला फरक तो नफा. पण मुदतीत दुसरं राहतं घर घेतलंत, तर त्यात घातलेल्या नफ्यावर कर नाही."

मग झालं तर!

"एक आहे — जो विकतो त्याच्याच नावावर नवं घर हवं. तुम्ही विकलंत आणि सुनेच्या नावावर घेतलंत, तर कर भरावा लागेल. आणि नवं घर तीन वर्षं विकायचं नाही."

म्हणजे तीन वर्षं मला मरायची परवानगी नाही!

"तसं नव्हे हो काकी—"

तसंच. शेठ अर्धे पैसे रोखीत देतो म्हणाला होता, तेही सांगितलं. शिवदास खुर्चीतून उठलाच. "सगळे चेकनं घ्या! कागदावर किंमत कमी दाखवलीत, तर उद्या नव्या घराला पैसा कुठून आणला म्हणून सांगाल?"

माझे केस पांढरे व्हायला सत्तर वर्षं गेली. शेठ पैसे एका दिवसात काळे करतो.

२३ नोव्हेंबर

कर भरला तर ब्लॉक लहान. नाही भरला तर कमल लटकली. कमल म्हणते, "तुमच्याच नावावर घ्या, आई." म्हटलं, तू गप. तू फक्त लिही.

२७ नोव्हेंबर

शेठ म्हणाला, "सगळं चेकनं परवडत नाही, काकी." मग सुंदराबाईचं घर घे जा, म्हटलं. शेजारीच आहे, दोन बाजूंनी भांडण आहे, वेळ मजेत जाईल तुझा. गेटपर्यंत गेला — आणि आला परत! "काकी, तुम्ही दुकान टाकायला हवं होतं."

आणि मी ठरवलंय. कर भरायचा. एक खोली कमी, पण ब्लॉक कमलच्याच नावावर. लता कॉलेजातून आली, तिला सांगितलं. "आजी, मग तू झोपणार कुठे?" तुझ्या अंगावर, मेले!

३ डिसेंबर

काय झालं ऐका! शिवदासनं जुने कागद मागवले होते, ते घेऊन अंबादाससकट घाटकोपरला गेलो. खरेदीखत यांच्या नावाचं. "काकी, घर तुमच्या नावावर कधी झालं?"

अरे, हे गेल्यापासून घरपट्टीचं बिल माझ्याच नावानं येतं! पैसे मी देते!

"बिलावर नाव असलं म्हणून मालकी होत नाही, काकी. काकांनी मृत्युपत्र केलेलं नाही. तेव्हा एक वाटा तुमचा, एक अंबादासचा, आणि राजारामचा जो वाटा तो कमलवहिनी आणि लताचा. विकायला सगळ्यांच्या सह्या हव्यात. प्रत्येकानं आपल्या वाट्याचं नवं घर आपल्या नावावर घ्या. नवा ब्लॉक तुमच्या तिघींच्या नावावर होऊ शकतो, कराची कटकट नाही."

अंबादास बाकावर बसून खो खो हसायला लागला. "आई, अकरा वर्षं वहिनीला साबण जास्त संपवते म्हणून बोलतेस, ते मालकिणीला बोलत होतीस!"

बोलायचेच. यापुढेही बोलणार. पण येताना रिक्षात कपाळाला हात लावला. मी हिला घर द्यायला निघाले होते!

४ डिसेंबर

कमलला विचारलं, तुला ठाऊक होतं?

"मामंजी गेले तेव्हाच माझ्या भावानं सांगितलं होतं."

मग इतके दिवस माझी गंमत बघत होतीस? बोलली का नाहीस?

"तुम्ही आपणहून म्हणालात ना, आई — घर कमलच्या नावावर. ते मला ऐकत राहायचं होतं."