कोरड्या हवेची तक्रार

प्रिय इन्शा,

पत्र तू काम करतेस त्या लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवतेय. घरचं टपाल आधी फरदीन उघडतो, हे तूच एकदा हसत सांगितलं होतंस. मीही तेव्हा हसले होते. आज स्वतःचाच राग येतो.

इथे शारजाच्या रोल्लात ऑगस्टची दमट हवा सुरू आहे. चष्मा घालून खाली उतरावं तर काचेवर वाफ, दिसतं काहीच नाही. तुझे अब्बा रास अल खोरच्या गोदामातून येतात ते भिजलेल्या शर्टानेच. अशा वेळी मी सगळ्यांना ऐटीत सांगायचे, आमच्या इन्शाच्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, जुलैतही रात्री स्वेटर लागतो, पाऊस वर्षाला जेमतेम दहा इंच, वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक! मी रत्नागिरीची, नंतर शारजाची. जन्म चिकचिकीत गेला. कोरडी आणि थंड हवा म्हणजे सुखच, अशी माझी ठाम समजूत.

लग्नानंतर दर शनिवारी मगरिबच्या नमाजनंतर आपला फोन. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दोन्हीकडे स्पीकर चालू, तुझ्या शेजारी फरदीन, माझ्या शेजारी अर्धी बिल्डिंग. तू म्हणायचीस, अम्मी, इथली हवा फार कोरडी आहे, घसा सुकतो, बोलावंसंच वाटत नाही. मी म्हणायचे, नाकात खोबरेल सोड. तू म्हणालीस, जवळचं घर पाच मैलांवर आहे, खिडकीतून नुसतं पिवळं गवत दिसतं. मी म्हटलं, शांतता नशिबानेच मिळते. मग एकदा नाकातून रक्त आल्याचं सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. त्या रात्री अब्बा म्हणाले, हलिमा, पोरगी हवेबद्दल बोलत नाहीये. मी त्यांच्यावरच खेकसले.

खरं सांगते, मला त्यांच्याही आधी कळलं होतं. पण फरदीन माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. स्थळ मीच आणलं, हट्टाने. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी चार वर्षं तुला तेल आणि तिळाचे लाडू सांगत राहिले. दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी तू म्हणालीस, आता सवय झाली, अम्मी. ते ऐकून मात्र मी त्याच रात्री अब्बांना व्हिसाचा अर्ज भरायला बसवलं. तक्रार करणारी माझी मुलगी मला परत हवी आहे.

म्हणून हे पत्र. अब्बांचा व्हिसा आला आहे. दहा सप्टेंबरला, गुरुवारी, तू मुलांना गोष्टी वाचून दाखवतेस त्या वेळी ते लायब्ररीत येतील. पासपोर्ट पर्समध्ये ठेव, बाकी काही घेऊ नकोस. काल मामूला, तुझ्या सासऱ्यांना, फोन करून सगळं सांगितलं, फक्त दिवस आणि जागा नाही सांगितली. तो म्हणाला, मुलीला माघारी आणलंस तर मला बहीण नाही. मी म्हटलं, बरं. हे एवढंच चार वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. मला माफ केलं नाहीस तरी चालेल, पण ये.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
अम्मी