फायली इकडून तिकडे

प्रिय दादा,

हो, मीच नेली. सगळी डिझाइनं. पानाफुलांची, जाळीची, किनारींची, शाळांच्या बिल्ल्यांची, तू नाक मुरडलेली आणि गिऱ्हाइकाने उचलून धरलेली, सगळी. तू काकांना फोन करून सांगितलंस म्हणे, बारकी चोरी करून पळाली. पळालेबिळाले नाही. भर दुपारी, तू खाली भरतकामाच्या मशीनपाशी दोरे ओवत असताना, मी वर माझ्या खुर्चीत बसून पेनड्राइव्ह लावला, सगळं निवडलं, कॉपी केलं आणि हिरवी पट्टी शेवटाला पोचेपर्यंत चहा प्यायले. मग पर्स घेतली, तुझ्या डोळ्यांसमोर जिना उतरले आणि निघते म्हणून सांगितलंसुद्धा. तू मान वर न करता बरं म्हणालास. याला चोरी म्हणायचं असेल तर म्हण बापडा.

पण चोरीत एकाचं जातं तेव्हा दुसऱ्याकडे येतं ना? मी निघाले तेव्हा तुझ्या कॉम्प्युटरवर एकूण एक फाईल जागच्या जागी होती. ती सगळी नंतर कुठे गेली, हे मला तू सांगितलं नाहीस, वहिनीने सांगितलं. परवा तिचा फोन आला. वन्सं, तो पेनड्राइव्ह घेऊन या बाई, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, असं म्हणाली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं, कारण वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि त्याबद्दल तिचं भलं होवो.

मी गेल्यावर तू म्हणे वर जाऊन बसलास. आणखी कुणी काही नेऊ नये म्हणून सगळी डिझाइनं तुझ्या पेनड्राइव्हमध्ये घालून कपाटात कुलूपबंद करायची ठरवलीस. विचार वाईट नव्हता. पण स्क्रीनवर वरच्या पट्टीत कात्रीचं चित्र दिसलं आणि तुझा हात तिकडे गेला. जाणारच. आपण शिंप्याच्या घरातले. बाबांच्या हाताखाली तू कापड बेतायला शिकलास, कात्री लावली की काम सुरू झालं, हे तुझ्या अंगात मुरलंय. कॉम्प्युटरची कात्री वेगळी रे. ती इथलं उचलून तिथे नेते आणि मागे काही ठेवत नाही. तेही निभावलं असतं. पण पट्टी पुढे सरकत असताना खाली दोरा तुटला, मशीनने शिट्टी मारली आणि तू दिवा लुकलुकत असतानाच पेनड्राइव्ह उपटलास. मुळा उपटावा तसा. हळू, आधी कॉम्प्युटरला विचार आणि मग काढ, हे मी तुला इतक्या वेळा सांगितलं की आपल्या भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल. परत लावलास तेव्हा त्याने विचारलं, फॉरमॅट करू का, म्हणजे आतलं सगळं पुसू का? तू घाबरून हो म्हणालास.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. कॉम्प्युटरवर उरले ते रांगेत शेवटी असलेले, हलायचे राहिलेले शाळांचे बिल्ले. आणि आता नात्यागोत्यात बोंब, की बारकीने धंदा बुडवला. चोराच्या उलट्या बोंबा, असं लिहिणार होते. पण तुला चोर म्हणायला माझी जीभ रेटेना. तुझी मात्र रेटली.

मी सध्या मैत्रिणीच्या शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत राहते. खिडकीखाली दिवसभर तिची शिलाई मशीनं चालतात, त्यामुळे घरची आठवण येते असं म्हणणार नाही, पण झोप छान लागते. एक जुना कॉम्प्युटर घेतलाय. चालू व्हायला इतका वेळ लावतो की तेवढ्यात माझी वेणी घालून होते. तब्येत उत्तम. गुडघा कधी नव्हे तो दुखत नाही, कारण इथे जिना दिवसातून दोनदाच चढते.

तुझ्याकडे किती वेळा चढायचे, आठवतं? कॉम्प्युटर वर, मशीन खाली, आणि दोघांच्या मधे मी. पानाची एक बाजू उजेडात चमकायला हवी तर टाका कुठून कुठे वळवायचा, कापडाला चुणी पडू नये म्हणून खाली आधी कुठे साधी टीप घालायची, हे सगळं वर बसून ठरवायचं. मग ते पेनड्राइव्हमध्ये घालायचं, नाडीने गळ्यात अडकवायचं, खाली येऊन मशीनला लावायचं आणि चिंधीवर चालवून बघायचं. सुई कुठेतरी अडायचीच. मग पुन्हा वर. एका पानासाठी दिवसभर वरखाली केलंय मी. तू म्हणायचास, बारके, मशीन घेण्याऐवजी लिफ्ट घ्यायला हवी होती. मी हसायचे. मला ते काम इतकं आवडायचं की तुझे शिळे विनोदही गोड लागायचे.

आणि ती नावं! मशीनला आठ इंग्रजी अक्षरांपेक्षा लांब नाव चालत नाही, म्हणून मी फायलींना आपल्याच माणसांची नावं दिली. वहिनी-दोन म्हणजे ती नाजूक जाळी, दिसायला गरीब, पण एक दोरा ओढला गेला की दिवसभर सोडवत बसा. (तिला सांगू नकोस. नाहीतर सांग, तिलाही हसू येईल.) काका म्हणजे मोठं सूर्यफूल, सुरू झालं की संपतच नाही. दादा नावाची एकच फाईल होती. हॉटेलच्या टॉवेलांवरची ती सरळ दुहेरी किनार. नक्षी अशी काही नाही, पण कधी दोरा तुटला नाही, कधी कापड आवळलं नाही, आणि सगळ्यांत जास्त तीच खपली. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आज भांडताना सांगते आहे, म्हणजे विश्वास ठेवशील.

आता त्या दिवसाबद्दल. ती दोघं मोठ्या कंपनीची माणसं आली होती, तो चष्मेवाला आणि त्या आखूड केसांच्या बाई. आपल्या वर्कशॉपला कायमचं काम द्यायचं म्हणत होती. मला किती आनंद झाला होता, म्हणून तर मी सकाळपासून जाळीवर डोळे फोडत बसले होते. मी जिना उतरत होते तेव्हा बाईंनी टेबलावरचा कपडा उचलून विचारलं, ही डिझाइनं कोण करतं? तू म्हणालास, माझीच आहेत सगळी. मी शेवटून दुसऱ्या पायरीवर होते. तुला वाटलं असेल की मला ऐकू आलं नाही. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, तर तू म्हणालास, ही माझी धाकटी बहीण, फायली इकडून तिकडे करते.

बाई छान हसल्या. जिन्याचा त्रास नाही ना होत, असंही त्यांनी मायेने विचारलं. मी नाही म्हणाले, पेनड्राइव्ह मशीनला लावला, बटण दाबलं आणि वर गेले. ते लोक गेल्यावर मी दुसरा पेनड्राइव्ह शोधला. मला रडू आलं नाही. राग आला, दादा. इतका राग मला सासर सोडून आले तेव्हाही आला नव्हता.

नंतर तू निरोप धाडलास, की मोठ्या कंपन्यांना शिकलेला डिझायनर लागतो, प्रमाणपत्र लागतं, तुझं नाव सांगून काम हातचं गेलं असतं, आणि घरातल्या घरात तुझं-माझं कशाला. बरं. तुझ्याकडे तरी कुठलं प्रमाणपत्र आहे, ते मला दाखव एकदा. आणि घरचंच होतं तर घरची आहेत म्हणायचं होतंस. माझीच म्हणालास. उचलली जीभ लावली टाळ्याला. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलास आणि वर बिळाची मालकीण पळाली म्हणून ओरडतोस.

पोलिसात जातो म्हणालास ना, जा की. खुशाल जा. ते विचारतील, काय गेलं? तुला सांगावं लागेल की बहिणीने नेलं तेव्हा सगळं होतं, मी कात्री लावली तेव्हा गेलं. काकांनी मध्यस्थी करायची, बारकीने माफी मागायची आणि सगळं गोड करून घ्यायचं, असं ठरलंय म्हणे. कोणी ठरवलं? मी माफी मागणार नाही. गोडही करणार नाही. मी जन्मभर समजूतदारपणा करून बघितला, त्याचं फळ म्हणजे ते एक वाक्य.

तरी खोटं कशाला बोलू, मला तुझा राग येतो तेव्हा सोबत ती जुनी दुपारही आठवते. मी माहेरी परतले होते आणि घरात जो येईल तो माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होता. तू एकट्याने तसं केलं नाहीस. मला ओढत वर नेलंस, खोक्यातून नुकत्याच काढलेल्या कॉम्प्युटरसमोर बसवलंस आणि म्हणालास, हे बिघडव. बिघडलं तरी चालेल, पण शीक. तुला स्वतःला तो सुरूसुद्धा करता येत नव्हता. मी खरंच दोनदा बिघडवला आणि तू दोन्ही वेळा दुरुस्तीवाल्याला माझ्या वाटणीची शिवी खाऊ घातलीस. मला उभं तू केलंस, दादा. म्हणून तर आता गप्प बसवत नाही. दुसऱ्या कुणी ते वाक्य म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. सोमवारी ती दोघं करार करायला पुन्हा येणार आहेत आणि तुझ्याकडे दाखवायला बिल्ल्यांपलीकडे काही नाही, हे मला कळलंय. मी सगळी डिझाइनं तुझ्यासाठी एका नव्या पेनड्राइव्हमध्ये कॉपी केली आहेत. एकही वगळलेलं नाही. ती तुला मिळणार, कशीही मिळणार. ती अडवून सौदा करायला मी काही परकी नाही. पण ती वहिनीच्या हाती देणार नाही, काकांच्याही नाही. सोमवारी मी स्वतः येणार, ते लोक समोर बसलेले असताना वर जाणार, माझ्या खुर्चीत बसणार आणि माझ्या हाताने ती कॉम्प्युटरवर उतरवणार. त्या बाई विचारतील, या नेमकं काय करतात? उत्तर तू द्यायचंस. तू खरं सांगितलंस तर मंगळवारपासून मी कामावर आहे, जिन्यासकट. पुन्हा तेच जुनं सांगितलंस तर मी तिथेच, सगळ्यांदेखत, तुझं वाक्य दुरुस्त करीन, आणि मग करार होवो की मोडो, मी इकडे माझ्या खोलीवर निघून येईन. तुझी मान लोकांसमोर खाली जावी अशी माझी इच्छा नाही, म्हणून आधी कळवते आहे. सोमवारला अजून अवकाश आहे. वाक्य एकच आहे, आणि लहानपणी तुला पाठ व्हायला वेळ लागायचा, तेव्हा आजपासूनच लाग.

तुझीच धाकटी बहीण आणि तुझ्या वर्कशॉपची डिझायनर,
बारकी