पिंडापाशी तुम्ही काय पुटपुटलात?

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. एका घरात राहणारी माणसं कशाला पत्रं लिहितील? पण काल संध्याकाळी समोरचे शेंडे काका आले आणि मला पेचात टाकून गेले. काकूंना दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टरांनी हात टेकले. काका ओट्यावरच बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "माधुरी, तुह्या बाबानं तुह्या आईचं सारं तुह्या हातून केलं. मीबी माह्या पोरीच्या, रूपालीच्याच हातून करीन म्हणतो. पण वणीवाले सोयरे आयकून नाई राह्यले. म्हणतेत, पुतण्या आहे तं पोरगी कायले? तू मले एक खरं सांग. तुह्या बाबाच्या मनाले मंग शांती होती ना? मी त्याच्याच भरोशावर राह्यलो."

मी म्हटलं, काका, सकाळी या, मग बोलू. ते माझ्याकडे बघतच राहिले. यात सकाळपर्यंत थांबण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. दिवाळीआधी विचारलं असतं तर मी क्षणात सांगितलं असतं, आणि वर तुमचं कौतुकही ऐकवलं असतं! पण दिवाळीनंतर मी तुमच्या लेकाकडे, नितीनकडे आफ्रिकेला जाऊन आले, बाबा.

आई गेली तो दिवस आठवतो? नितीनला विमान मिळेना. केपटाऊन काही नागपूर नव्हे. मोक्षधामात सगळे माझ्या चुलतभावाकडे बघायला लागले. तो बिचारा पुढे झालाही होता. तेव्हा तुम्ही, जन्मात कुणावर आवाज न चढवलेले तुम्ही, सगळ्यांच्या देखत म्हणालात, "पोरगी माही आहे. दोन वर्सं तिनं मायचं हागणं-मुतणं काढलं. अग्नी तीच देईल." मी अग्नी दिला तेव्हा तुमचा हात माझ्या पाठीवर होता. त्या हातासाठी मी तुमचं काय वाट्टेल ते ऐकलं असतं.

मग दहाव्याला वर्धा नदीच्या काठी कावळा शिवेना! मी शाळेत विज्ञान शिकवते. कावळ्याला भूक आहे की त्याचं पोट भरलंय, एवढाच तो प्रश्न, हे मला कळतं. पण त्या दिवशी कसलं विज्ञान? समोर झाडावर कावळे बसलेले, आणि माझ्या हातच्या पिंडाकडे एकही फिरकेना. मागून कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "पोरीच्या हातचं हाय ना." लोक एकेक करून पिंडापाशी जाऊन शब्द देत होते. मामा म्हणाला, घराचं पाहीन. मावशी म्हणाली, नितीनच्या लेकराले जीव लावीन. कावळे आपले तिथेच.

शेवटी तुम्ही गेलात. वाकलात, हात जोडलेत आणि काहीतरी पुटपुटलात. आणि आला की कावळा! सगळे रडले, मी तर भोकाड पसरलं. परतताना गाडीत मी विचारलं, बाबा, काय म्हणालात आईला? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "म्हटलं, पोरीचं मी पाहतो. तू बिनघोर जाय."

त्या एका वाक्यावर मी किती जगले, याची तुम्हाला कल्पना होती का? लग्न न केलेल्या बाईला गावात लोक काय काय ऐकवतात. कुणी काही बोललं की मी मनात म्हणायची, बोला, बोला. माझी आई मोकळी झाली ती माझ्या एकटीच्या नावावर. नितीनच्या नव्हे, माझ्या! इतका गर्व मला दुसऱ्या कशाचाही नव्हता.

आणि तुम्ही तरी कुठे गप्प बसलात? पेन्शनरांच्या कट्ट्यावर, लग्नात, तेरवीत, जिथं विषय निघेल तिथं तुमचं सुरू व्हायचं, "आमच्या माधुरीनं सारं केलं." शेंडे काकांनी ते तुमच्याच तोंडून ऐकलंय. आता त्यांना मी काय सांगू?

तुम्ही गेलात तेव्हा कसलाच प्रश्न आला नाही. या घरात पोरगीच करते, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तुमच्या पिंडाला तर पान ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. लोक म्हणाले, नानासाहेबांची काही इच्छाच राहिली नव्हती. मीही मान डोलावली.

मग नितीननं तिकीट पाठवलं. "ताई, तू एकटी काय करतं तिथं? ये महिनाभर." मी गेले. आणि खरं सांगू, पहिले दिवस इतके छान गेले की तुम्ही नाही याचं सारखं वाईट वाटायचं. त्या शहराच्या पाठीशीच डोंगर उभा आहे, माथा असा सपाट की पोळपाट ठेवावा! डोंगर, त्याच्यामागचं रान, थेट समुद्रात घुसलेलं टोक, हे सगळं मिळून एक राष्ट्रीय उद्यान. आपल्याकडे टिपेश्वर अभयारण्यात जायचं तर पहाटे उठून जीप करा, आणि इथे लोक ऑफिस सुटल्यावर डोंगर चढतात.

आम्ही रोपवेच्या पाळण्यातून वर गेलो. पाळणा चढताना स्वतःभोवती फिरतो, म्हणजे कुणी खिडकीसाठी भांडायला नको. वर वारा असा की माझा पदर नितीननं धरून ठेवला. खाली अख्खं शहर आणि त्यापुढे निळा समुद्र. खडकात घुशीसारखे गुबगुबीत प्राणी ऊन खात बसलेले, माणसाला ढिम्म घाबरत नव्हते. मग ढग आला आणि माथ्यावरून पलीकडे सांडायला लागला, दूध उतू जावं तसा. मी म्हटलं, नित्या, बाबांना हे दाखवायला हवं होतं रे. तो म्हणाला, "दाखवलं ना. आले तेव्हा याच दगडावर बसून त्यायनं डब्यातला चिवडा खाल्ला." मला किती बरं वाटलं! तुम्ही आई गेल्यावर थंडीत त्याच्याकडे राहून आला होतात, बॅग मीच तर भरून दिली होती.

दुपारी आम्ही गाडीनं टोकाकडे निघालो. रस्त्यात नितीननं एका वळणावर गाडी थांबवली आणि म्हणाला, "चल, तुले ती जागा दाखवतो." कुठली जागा? "आईची." मला वाटलं, आईच्या नावानं झाड-बिड लावलं असेल. खडकांतून उतरून एका लहानशा खाडीशी आलो. काचेसारखं पाणी, बोट बुडवलं तर झिणझिण्या. काठाशी तपकिरी शेवाळाचे लांबच लांब पट्टे. तिथं तो म्हणाला, "इथंच सोडली आम्ही आईची राख. अन् त्या खडकावर पिंड ठेवला."

मी म्हटलं, कुठली राख? आईची राख मी सोडलीय, वर्धेत.

त्याचा चेहरा उतरला. "ताई, तुले नाई सांगतलं का बाबानं? ते तं म्हणे, मी सांगतो तिले सवडीनं."

मग मी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. तुम्ही त्याला म्हणालात, "मी तुह्या मायले पिंडापाशी शब्द देल्ला, नितीनच्या हातून पुन्हा करतो. तवा कुठं कावळा शिवला." असंच म्हणालात ना? तो खोटं बोलत नाही, त्याला ते कधी जमलंच नाही. ते जमणारे या घरात तुम्ही होतात, हे मला त्या खडकावर कळलं.

म्हणजे गाडीत, खिडकीबाहेर बघत, तुम्ही मला जे दिलंत ते बनावट होतं!

आणि पुढचं ऐका, तुमचंच आहे. तुम्ही दोघं कावळ्याची वाट बघत बसलात. नितीन सांगताना हसत होता, बिचाऱ्याला माझ्या चेहऱ्याकडे बघून काही तरी हलकं बोलायचं होतं. "कावळा नाई आला, ताई. आलं हे मोठ्ठं माकड! पिंड उचलला, दोन घासात खाल्ला, अन् जाता जाता बाबाची टोपीबी नेली." मी विचारलं, मग बाबा काय म्हणाले? "म्हणाले, चालते. इथले कावळे हेच."

चालते? माझ्या हातच्या पिंडाला खराखुरा कावळा शिवला, तरी तो तुमच्या मनातून उतरला. आणि लेकाच्या हातचा पिंड माकडानं पळवला तर चालते! आणि ती टोपी वाऱ्यानं उडाली म्हणून मला सांगितलंत. मी दुसरी विणून दिली हो!

मग मला ती पिशवी आठवली. अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला टांगलेली पांढरी पिशवी. "दोडक्याचं बियाणं आहे, हात लावू नको." सावडायला गेलो तेव्हा मडकं तुमच्याच हातात होतं, तेव्हाच, पिंडापाशी शब्द देण्याच्याही आधी, काढून घेतलीत ना मूठभर? राख घरात आणत नाहीत, म्हणून झाडाला. शास्त्र सगळं पाळलंत, फक्त मला सोडून. त्या फांदीखालच्या दोरीवर मी रोज ओले कपडे वाळत घालत होते. आई माझ्या डोक्यावर टांगलेली होती, बाबा, आणि मी तिच्याखाली गाणी गुणगुणत चिमटे लावत होते!

बांधकाम खात्यात जन्म गेला तुमचा. कार्बन घातल्याशिवाय साधा अर्जही लिहीत नव्हता. "एक प्रत हरवली तं दुसरी पाहिजे." आम्ही त्यावरून तुम्हाला किती चिडवायचो. पण मी केलेलं हरवण्यासारखं होतं का? की ते मुळातच कच्चं होतं, आणि पक्कं नितीनकडून करून घ्यायचं होतं?

आईला नितीन हवा होता, हे मला माहीत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? शेवटच्या आठवड्यात ती मला नितीन समजून हाक मारायची, मी ओ द्यायची. तुम्ही सरळ म्हणाला असतात, "माधुरी, तुह्या आईचा जीव नितीनमध्ये अडकला, थोडी राख त्याच्यासाठी ठेवू," तर मी स्वतः पुरचुंडी बांधून दिली असती. वर तीळ आणि तांदूळही निवडून दिले असते. राग राख नेल्याचा नाही हो. चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि पाठीमागे माझ्यावर काट मारलीत, त्याचा आहे.

आणि सांगायला वेळ नव्हता म्हणू नका. तिथून आल्यावर रोज संध्याकाळी ओट्यावर आपण दोघंच असायचो. तुम्ही मला तिथल्या पेंग्विनांच्या गोष्टी सांगायचात. काळा कोट घातलेल्या वकिलांसारखे चालतात म्हणून नक्कल करून दाखवायचात. पेंग्विन आठवले, आणि हे नाही आठवलं? की तोंडाशी येऊन परत जायचं? कधी कधी तुम्ही मध्येच थांबून माझ्याकडे बघायचात. मी विचारायची, काय हो? तुम्ही म्हणायचात, काही नाही, चहा टाक. मी चहा टाकायला उठायची. नसते उठले तर सांगितलं असतंत का? हा प्रश्न मला झोपू देत नाही आणि त्याचं उत्तर द्यायला तुम्ही नाही. हीसुद्धा तुम्हीच केलेली फसवणूक.

त्या टोकापर्यंत आम्ही पुढे गेलोच नाही. नितीन म्हणत होता, दीपगृह बघू, एवढं आलो तर. मी म्हटलं, गाडी वळव. इतकं सुंदर ठिकाण होतं ते, आणि आता मला त्यातला फक्त एक खडक आठवतो. पाळण्यातून दिसलेला समुद्रही तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन का, तेही माहीत नाही. कीर्तनातल्यासारखं "जाऊ दे, गेलेल्या माणसावर कसला राग" मला जमत नाही. गेलेल्या माणसावरच तर राग राहतो, जिवंत माणसाशी भांडून मोकळं होता येतं.

थोड्या वेळानं शेंडे काका येतील. रात्री ठरवलं होतं की खोटंच सांगायचं. शांती होती काका, पूर्ण शांती होती. तुमचं नाव राहील, रूपालीला तिच्या आईचं करता येईल, वणीवाल्यांची तोंडं बंद होतील. सोपं आहे. तुम्हीही हेच केलं असतंत, आणि म्हणूनच मला ते आता करवत नाही.

तेव्हा हा माझा शब्द घ्या, मोठ्यानं देतेय. मी काकांना सगळं सांगणार आहे, नदी, खडक आणि माकडासकट. सांगणार आहे की तुमच्या मनाला शांती नव्हती, आणि तरी तुम्ही मला पुढे केलंत, तेही खरं होतं. काकांच्या मनात तसूभर शंका असेल तर त्यांनी आजच पुतण्याला फोन करावा, रूपालीला उभं करून मागून दुसरं काही करू नये. आणि हे मी एकट्या काकांना सांगणार नाही. रूपालीला शेजारी बसवून सांगीन. तिचा बाप तिच्याबद्दल काय बोलतो ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकावं, आणि मग करायचं की नाही ते तिनं ठरवावं. मला एवढंच हवं होतं, बाबा.

फाटक वाजलं. काका आलेत. मी रूपालीला हाक मारायला जाते.

तुमची, अजून रागात असलेली,
माधुरी